न कापलेली जट

"जमना, वय सुमारे पाच, हिच्या मस्तकी देवीने धारण केलेली, खांद्यापर्यंत लांब अशी जट तिची पालनकर्ती विधवा धनुबाई हिने चैत्री पौर्णिमेपूर्वी लोखंडी हत्याराने कापून नाहीशी केली, असे पंचांचे एकमत झाले."

हे वाक्य तापीकाठच्या एका गुजर गावाच्या चावडीत १९२३ सालच्या चैत्रात तलाठ्याने लिहिले, पंचांनी ऐकले आणि अंगठे उठवून मान्य केले. वाक्याची बांधणी निर्दोष आहे. कर्ता आहे, कर्म आहे, साधन आहे, काळ आहे. उणीव एवढीच, की त्यात जे घडले म्हणून सांगितले आहे ते घडलेले नाही.

लोखंडापासून सुरुवात करू. चावडी भरण्याआधी धनुबाईच्या घरातून एक विळा आणि एक अडकित्ता जप्त झाला. विळ्याच्या दात्यांत गव्हाचा भुसा होता आणि अडकित्त्याला सुपारीचा डाग. केस दोहोंपैकी कशालाही नव्हता. पुढे, कापलेली वस्तू कुठेतरी असावी लागते. चूल उकरली, उकिरडा उपसला, मळ्यातल्या विहिरीत गळ टाकला. जट मिळाली नाही. भिंतीच्या फटीत गळालेल्या केसांचा एक बोळा मिळाला, पण तसा बोळा त्या गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीत होता. विंचरलेले केस बायका तिथेच खोचतात, हे पंचांना त्यांच्या बायकांनी सांगितले असते. बायकांना विचारण्याची पद्धत नव्हती. मग जट सापडत नाही, हाच ती कापल्याचा पुरावा ठरला. नैयायिकांना अग्नीच्या अनुमानासाठी निदान धूर तरी लागतो. आमच्या पंचांना धूर नसणे पुरले.

देवीने ती जट धारण केली होती, या विधानाकडे मी पुढे येईनच. 'खांद्यापर्यंत' हा शब्द मात्र खरा आहे आणि सगळे प्रकरण त्याच्यावर उभे आहे.

निवाड्यात आणखी एक ओळ आहे: "आरोपीने गुन्हा कबूल केला." ही ओळही खरी आहे. कबुली दिली गेली, भर चावडीत, उघड्या आवाजात. तलाठ्याने ती कचेरीच्या मराठीत उतरवताना तिचा जीव काढून घेतला. पण त्या दिवशी तिथे बसलेल्यांना ती तोंडपाठ होती, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी ज्यांनी ती मला ऐकवली त्यांच्या सांगण्यात शब्दाचाही फरक नव्हता. ती शेवटी, जशीच्या तशी देतो. आधी ती कोणाच्या बाबतीत आणि का दिली, हे सांगणे भाग आहे.

मानमोडीच्या, म्हणजे १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या, साथीच्या वर्षी धनुबाई आणि तिचा नवरा वाहरू सुरतेकडच्या नातलगांना भेटून रेल्वेने परतत होते. खांडबारा स्टेशनात त्यांच्या डब्यातून एका बाईला उतरवून फलाटावर ठेवण्यात आले. बाई सिद्दी होती, म्हणजे गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांतली, आणि ती मेलेली होती. तिच्या कुशीतली वर्षासव्वा वर्षाची मुलगी जिवंत होती. बाईचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. कुठे चालली होती, तेही नाही. स्टेशनातला माणूस फडक्याने नाक झाकून दूर उभा होता. गाडीने शिटी दिली तेव्हा वाहरू खाली उतरला, मुलीला उचलून आत आला आणि धनुबाईच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "धर. गाडी सुटी ऱ्हायनी."

दत्तकविधान म्हणावे असे काही झाले असेल तर ते एवढेच. मुलगी रंगाने काळीभोर होती, म्हणून काळ्या पाण्याच्या नदीचे नाव तिला मिळाले: जमना.

त्याच महिन्यात वाहरू तापाने गेला. त्या साथीत गावोगाव सरणाला लाकूड पुरत नव्हते. तरी गावाने या एका मृत्यूचे कारण नेमके शोधले, आणि ते अजून नीट चालतही नव्हते.

आता जावळाची गोष्ट. त्या समाजात मुलाचे पहिले केस न्हावी काढतो आणि ते खाली पडू न देता बापाची बहीण आपल्या पदरात झेलते. मग ते तापीत सोडतात. आत्या नसेल तर जावळ नाही, आणि जावळ झाल्यावाचून त्या डोक्याला पुढे कधी पाते लावायचे नाही. वाहरूची बहीण मीनाबाई धानोऱ्याला दिलेली होती. धनुबाई तिच्याकडे जाऊन आली.

"जिन्ही जात माहीत नही, तिन्हा केस मी पदरमा कशा लेऊ?" मीनाबाई म्हणाली. "तूच सांग, वहिनी. उद्या मन्ही सासू तोच पदर जाळाले लावी."

न्हावी म्हणाला, आत्या आणा, वस्तरा तयार आहे.

एका बाईने पदर पसरला नाही, म्हणून त्या मुलीच्या केसांना पुढली चार वर्षे कोणी पाते लावले नाही. देवीचा या व्यवहाराशी संबंध एवढाच.

पाते नाही तर फणी. धनुबाईचे स्वतःचे केस सरळ आणि कमरेपर्यंत. त्या भागातली प्रत्येक बाई जसे जाणते तसेच तीही केसांबद्दल जाणत होती: रिठ्याने न्हावे, उन्हात वाळवावे, तिळाचे तेल चोपडावे, आणि फणी भांगापासून धरून टोकापर्यंत एका दमात ओढावी. तिने हेच केले. फणी बोटभर गेली आणि थांबली. तिने जोर लावला. मुलगी किंचाळली, फणीचे दोन दात केसांत राहिले.

भिंतीपलीकडे जसोदाबाई राहत होती, धनुबाईची थोरली जाऊ.

"काय वं धनू, पोर रडी ऱ्हायनी का तू रडाडी ऱ्हायनी?"

"केस विंचरी ऱ्हायनी, भाभी."

"केस शेत का बोरीना काटा? बठ्ठं गाव ऐकी ऱ्हायनं. म्हनतीन, परकं लेकरू शे म्हनीसन मारस."

धनुबाईने दुसरी फणी आणली, मग तिसरी. प्रत्येक वेळी मुलगी आधीपेक्षा लवकर रडू लागली. शेवटी फणी नुसती दिसली तरी ती उतरंडीमागे जाऊन बसायची. मग धनुबाईने फणी फडताळात ठेवून दिली आणि वर फक्त तेल घालत राहिली. तेलावर धूळ बसली, धुळीवर वेचणीच्या दिवसांतली कापसाची कुसळे. गळालेले केस बाहेर पडायला वाट नव्हती, तेही आतच राहिले. मुलगी चार वर्षांची झाली तोवर तिच्या मानेवर एक घट्ट थर जमला होता आणि त्याच्या दोऱ्या जड होऊन खांद्यावर लोंबत होत्या. न विंचरलेल्या केसांचे जे होते ते झाले होते.

तेव्हा गावाला ते डोके दिसले. पोलीसपाटील चुनीलाल चार शहाण्यांना घेऊन दारात आला. गावात लग्नकार्ये असतात, पाहुणे येतात, असे म्हणाला.

"मिशनना पाद्रीकडे दी टाकू. तठे कात्रीबी शे आनि भाकरबी शे. तू एकटी बाई, तुले कसाले हाऊ जंजाळ?"

त्याने मुलीच्या दंडाला धरले. धनुबाई चुलीपाशी बसली होती. ती उठली नाही, बसल्या जागेवरून, भाकरी उलटता उलटता म्हणाली, "हात लावू नका, चुनीभाई. जट शे ती. देवीनी शे."

हे तिला कोणी शिकवले नव्हते. भिंत हवी होती आणि हाताशी एवढा एकच दगड होता. पाटलाचा हात मागे आला. त्याने तो धोतराला पुसला, आणि मग, पुसल्याचे लक्षात आल्यावर, दोन्ही हात जोडले.

दुसऱ्या सकाळी जसोदाबाई नारळ घेऊन आली. आदल्या दिवसापर्यंत जिची सावली अंगणात नको होती, तिच्या पायांवर तिने डोके ठेवले. पण वर उठताना जसोदाबाईची नजर मुलीकडे नव्हती. ती धनुबाईच्या तोंडाकडे पाहत होती, आणि जरा जास्त वेळ पाहत होती. त्या दिवसापासून धनुबाईने तिच्याकडे पाठ करून बसायचे सोडून दिले.

आणि लोटन येऊ लागला. नदीकाठच्या देवीच्या ठाण्याचा हा पुजारी. ठाणे ओस पडले होते. यात्रेकरू दुसरीकडे वळले होते. तो दर अमावस्येला येई, मुलीला उजेडात बसवी, आणि एकेक दोरी दोन बोटांत धरून तिची जाडी पाही, जसा व्यापारी कापसाचा धागा ओढून पाहतो. "आई वाढी ऱ्हायनी," असे म्हणून तो समाधानाने निघून जाई. एकदा त्याने डोके झाकायला लाल फडके आणून दिले. माघात तो पाटलाला बरोबर घेऊन आला.

"चैत्री पुनवले तिले ठान्यावर लई जाऊत. जे देवीनं शे ते देवीकडे जाई."

"लहान शे, बाबा," धनुबाई म्हणाली.

"देवीले लहान मोठं काय? आनि तूच सांगेल शे ना, धनू, देवीनी शे म्हनीसन. आम्ही थोडं सांगं."

पाटील हसला. "मोठी व्हयी तं लगीन कोन करी तिन्हं? तूच इचार कर. पुन्यबी पदरमा, सुटकाबी."

देवीच्या ठाण्यावर यापूर्वीही एक मुलगी सोडण्यात आली होती. तिचे पुढे काय झाले हे गावातल्या प्रत्येक पुरुषाला माहीत होते, आणि गावातल्या प्रत्येक बाईने ते आपल्याला माहीत होऊ दिले नव्हते. धनुबाईला मात्र माहीत होते. पाद्रीला अडवण्यासाठी तिने जी भिंत घातली होती, तिच्याच आत ती मुलीसह चिणली गेली होती.

फाल्गुनात जमना एका कुशीवर निजेनाशी झाली. डाव्या कानामागे, थराच्या खाली, फोड पिकत होता. बोट लावू देईना. धनुबाईने घरोघर करतात तेच केले: जवस शिजवून त्याचे पोटीस बांधले. जवसाचा बुळबुळीत चिकट रस फडक्यातून पाझरला आणि कानाभोवतीच्या केसांत मुरला. दुसऱ्या दिवशी पोटीस सोडताना तिच्या बोटांना तिथला दोर दोरासारखा लागला नाही. मऊ लागला. तिने टोक जरा चोळले तर एक बट अलगद निसटून बाहेर आली, आणि बाहेर येताच तिच्या बोटाभोवती गुंडाळून बसली.

तिने ती सरळ केली. सोडली. ती पुन्हा गुंडाळली.

चार वर्षे जिला सांभाळले तिचा केस तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो गुंतलेला नव्हता. तो होताच तसा, मुळापासून टोकापर्यंत वळलेला. तिने आजवर वळणाला गुंता समजून त्यावर फणी चालवली होती, आणि त्या फणीनेच खरा गुंता केला होता.

त्यानंतर रोज दुपारी, बायका मळ्यात गेल्या की, धनुबाई दार लावून घेऊ लागली. जवस शिजवायचा, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचा, कोमट झाला की केसांत जिरवायचा आणि फणीऐवजी बोटे चालवायची. सगळे चुकतमाकत. पहिल्यांदा रस फार गरम होता. मग सवयीने तिने मुळापासून सोडवायला घेतले, तेव्हा जमनाने तिचा हात धरला.

"माय, वरथून नको. खालथून दुखत नही."

ती थांबली. भिजवलेली अंबाडी सोलताना ती स्वतः टोकाकडूनच धागा मोकळा करी. वरून ओढला तर दोर तुटतो हे तिच्या हातांना ठाऊक होते, फक्त डोक्यावरच्या धाग्यालाही तो नियम लागू असेल हे सुचले नव्हते. एकदा अर्धे डोके मोकळे झाल्याच्या आनंदात तिने ते रिठ्याने धुतले. वाळल्यावर ते काथ्यासारखे खरखरीत होऊन पुन्हा एकमेकांत शिरले, आणि ते काम पहिल्यापासून करावे लागले. मग रिठा बंद. धुऊन झाल्यावर फडक्याने खसखसा पुसणेही बंद, नुसते टिपायचे. सुटलेली बट मोकळी ठेवली तर शेजारणीला बिलगते, म्हणून दोन पदर एकमेकांना पीळ देऊन दोऱ्याने बांधायचे. ज्या गाठीने ऐकले नाही तिला त्या दिवशी सोडून द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. निघणारे गळालेले केस तिने चिमटीने गोळा केले आणि भिंतीत खोचले. पाते कुठेही आले नाही. यायचे कारणच नव्हते.

जमनाला हा नवा खेळ सापडला. डोळ्यांसमोरची एक बट ती नाकापर्यंत ओढी आणि सोडून देई.

"पाह्य माय, पळी गया."

"तोंड बंद ठेव. हसू नको जोरमा."

कारण पलीकडे कान होते. एका दुपारी दाराशी जसोदाबाईचा आवाज आला.

"धनू, दार काबरं लावेल शे?"

"ऊन लागस, भाभी."

"ऊन आमलेबी लागस. आमनं दार उघडं ऱ्हास." मग हुंगल्याचा आवाज. "जवसना वास येस तुन्हा घरमाईन."

"पोरले फोड व्हयेल शे."

"इतला दिस एकच फोड? सोनाना शे का?" आणि मग, अगदी सावकाश, "पोर रडत काबरं नही, धनू?"

चार वर्षे ती मुलगी रडत होती तेव्हा गावाला त्यात काही खटकले नव्हते. ती रडेनाशी झाली, तेव्हा संशय आला.

धनुबाई आता सगळ्यांवरच संशय घेऊ लागली. पाणवठ्यावर कोणी गप्प झाले तर आपल्यामुळे, कोणी बोलले तर आपल्याबद्दल. चैत्राच्या आधीच्या अमावस्येला लोटन आला नाही, हे तिला सर्वांत वाईट वाटले. ज्या वस्तूचा ताबा ठरला आहे ती तपासायला माणूस येत नाही. घराबाहेर जमनाच्या डोक्यावर लाल फडके घट्ट बांधलेले असे. सगळे संपल्यावर काय करायचे हे तिने ठरवले नव्हते. जट नसेल तर देवी नसेल, देवी नसेल तर ठाणे नसेल, इथपर्यंत तिचा विचार पोचला होता. त्यापुढे पाद्री होता, आणि पाद्रीशी पुन्हा भांडता आले असते.

पुनवेला सकाळीच डफ वाजत आले. लोटनने हळदीकुंकवाचे ताट खाली ठेवले आणि फडक्याची गाठ स्वतःच्या हाताने सोडली.

आत एक लहान, गोल, काळे, मऊ डोके होते. केस कानाच्या पाळीशी संपत होते. डफ वाजायचा थांबला.

"कापी," लोटन म्हणाला. मग त्याने हात झटकला. "लोखंड लागनं. खंडित व्हयनी पोर. आते ही ठान्यावर चढाव नही."

"आम्ही कोठे ठेववी मंग?" गर्दीतून कोणी विचारले.

"ज्यानी कापी त्यानी सांभाळवी," पाटील म्हणाला, "आनि जातबाहेर बसीसन सांभाळवी. चला चावडीत."

इथे 'खांद्यापर्यंत' या शब्दाकडे परत यायला हवे. जट खांद्यापर्यंत होती, केस कानापर्यंत आहेत. म्हणून मधला भाग कापला गेला, असा हिशोब पंचांनी केला. तेल, धूळ आणि स्वतःचे वजन यांनी ताणलेला केस खाली लोंबतो. तोच धुऊन मोकळा केला की आपल्या वळणात परत जातो आणि आखूड दिसतो. हे अवघड नाही. दाबलेली गासडी आणि पिंजलेला ढीग यांतला कापूस तेवढाच असतो, एवढे ज्याला समजते त्याला हेही समजावे. आणि पंच झाडून सगळे कापूसवाले होते.

चावडीत धनुबाईने बोलण्यात वेळ घालवला नाही. तिने जमनाला मांडीवर घेतले, मानेवरची एक बट चिमटीत धरली आणि खाली ओढली. बट कानाखाली आली, गालाखाली आली, खांद्याला टेकली. तिने ती सोडली. बट टुणकन वर गेली.

मागे कोणीतरी हसले. जमनाही हसली.

तलाठी परगावचा, शिकलेला. त्याने टाक खाली ठेवला. "पुन्हा दाखवा, बाई."

तिने दुसरी बट दाखवली, मग तिसरी, कपाळावरची. प्रत्येक बट खांद्यापर्यंत आली.

"हे तर कापलेले दिसत नाही," तलाठी म्हणाला. "टोके बघा. शिवाय लांबी तेवढीच आहे."

क्षणभर सगळे धनुबाईच्या बाजूने होते. तेवढ्यात लोटन उठला, पुढे आला, आणि मुलीसमोर सरळ आडवा झाला.

"पाह्यं का?" तो उठून म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर कापत होता. "केस वाढस आनि परत जास. कोना केस असा करस? तुन्हा करस, चुनीलाल? आईना खेळ शे हाऊ. कापेल नही, बरं व्हयनं. आजच लई जाऊत तिले."

पाटलाने पंचांकडे पाहिले. माना हलल्या. "ठरनं मंग. कापेल व्हती तं खंडित व्हती. कापेल नही, तं पोर देवीनी."

निर्दोष ठरल्याची शिक्षा काय असते हे धनुबाईला तेव्हा कळले. तिने मुलीला दोन्ही हातांनी धरले आणि जे खरे होते ते सांगितले.

"देवी नही, चुनीभाई. मी खोटं बोलेल व्हती. पाद्रीकडे धाडशात म्हनीसन बोलनी. मन्हाथून विंचरायनं नही, म्हनीसन गुंता व्हयना. जवसना पानीथून सुटना. बठ्ठं मन्हं शे. देवीनं त्यामा काहीच नही."

मग बायकांच्या बाजूने जसोदाबाईचा आवाज आला, आणि त्यात पहिल्यांदाच टोमणा नव्हता, भीती होती.

"मंग आम्ही नारळ कोनले फोडं, धनू?"

या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा धनुबाईला खोटे ठरवणे सर्वांना सोपे होते. "पोरना मोह शे," लोटन म्हणाला. "मायन्या तोंडी असंच येस." पाटील तलाठ्याकडे वळला. "ते लिहू नका, साहेब. बाई घाबरेल शे."

तलाठ्याने तिन्ही बटा पाहिल्या होत्या, टोके तपासली होती, कबुलीही ऐकली होती. त्याला संध्याकाळच्या आत दुसऱ्या गावी पोचायचे होते. त्याने लिहिले नाही. त्या चावडीत त्या दिवशी सत्य एकदा डोळ्यांना दिसले आणि एकदा कानांनी ऐकू आले. दोन्ही वेळा लिहिणारा हजर होता आणि टाक ओला होता.

लोटनने मुलीचा हात धरला. जमनाने धनुबाईकडे पाहिले; तिला वाटले, अजून एक बट दाखवायची आहे.

"शेवटलं इचारस," पाटील रिवाज म्हणून म्हणाला. "जट कापी का नही?"

यापुढे जे झाले ते निवाड्यात आहे. धनुबाई वाळीत पडली. पाणवठा बंद झाला, लग्नाकार्याची अक्षत बंद झाली, मीनाबाईने माहेरचा रस्ता बदलला. मुलगी लोखंड लागून खंडित झाल्याने ठाण्याने तिला नाकारले. असल्या मुलीला पाद्रीकडे तरी कोणी न्यावे, असा प्रश्न आला तेव्हा पाटील म्हणाला, हिची शिक्षा हीच. आणि जमनाचा आजन्म सांभाळ दंड म्हणून धनुबाईवर लादण्यात आला. वाळीत पडलेल्या घराच्या ओट्याकडे कोणी पाहत नाही. तेव्हापासून त्या ओट्यावर, भरदुपारी, दार सताड उघडे टाकून, जवसाच्या रसाची वाटी शेजारी ठेवून केस सोडवले जात.

पाटलाच्या प्रश्नावर धनुबाईने लोटनच्या हातातून मुलीचा हात काढून घेतला, आणि मग बोलली. शब्द तिचेच:

"हां, कापी. आधी खोटं बोलनी, आते खरं सांगस. ज्या बटा दखाड्या त्या मांगे ऱ्हायेल केस शेत. जट मी कापी. इळा लिना, पोरले मांडीवर धरं, आनि बुडथून कापी टाकी. तापीमा सोडी दिनी, शोधू नका. तिन्ही आत्या उनी नही, म्हनीसन पदरबी मीच धरा. लिही ल्या, साहेब, नीट लिहा. मीच कापी."